तांब्यातले तांदूळ जात विचारत नाहीत



आमच्या शेजारच्या वस्तीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. गेल्या पावसाळ्यात त्यांची धाकटी मुलगी सारखी चक्कर येऊन पडू लागली. कुणीतरी एका महाराजांना घरी आणले. महाराजांनी तांब्या मांडला, त्यात तांदूळ भरले आणि मंत्र पुटपुटत सुरी खुपसायला सुरुवात केली. खुपसायची, काढायची, पुन्हा खुपसायची. घरात बाधा असेल तर तांब्या सुरीला धरून राहील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. शेवटच्या मंत्राला त्यांनी सुरी वर उचलली आणि तांदळाने भरलेला तांब्या सुरीला लटकून हातभर वर आला. सगळ्यांनी हात जोडले. उताऱ्याचे ३,१०० रुपये ठरले.

पंधरा दिवसांनी महाराज परत आले. नवे तांदूळ, तोच तांब्या, तोच मंत्र. या वेळी सुरी सुळकन बाहेर आली. बाधा गेली! पुन्हा हात जोडले गेले. मुलगी मात्र तशीच पडत राहिली. शेवटी सरकारी दवाखान्यात नेले, तर अंगात रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या.

हात जोडणाऱ्यांत मावशींचा मोठा मुलगा होता. बारावी सायन्स. घर्षणाचे सूत्र त्याला पाठ आहे, परीक्षेत त्याने त्यावरची गणिते सोडवली आहेत. मी त्याला विचारले, अरे, तुला काहीच शंका आली नाही? तो म्हणाला, "दादा, ते पुस्तकातलं वेगळं."

मला महाराजांपेक्षा हे वाक्य जास्त लागले. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि थोडासा आपल्या चळवळीविरुद्धही आहे.

आधी माझीच फजिती सांगतो

रागाच्या भरात मी त्याच रविवारी वस्तीत कार्यक्रम लावला. माईक घेतला, बुवाबाजीवर वीस मिनिटे भाषण ठोकले आणि म्हणालो, बघा, आता मीसुद्धा सुरीने तांदूळ उचलून दाखवतो. घाईत हाताला लागला तो स्टीलचा पेला घेतला. तांदूळ भरले, पाच-सात वेळा सुरी खुपसली, उचलली. सुरी रिकामीच वर आली. पुन्हा केले, पुन्हा तेच. मागून एक आजी म्हणाल्या, "बाळा, तू शिकलेला हायेस, पर समदंच पुस्तकात नसतंय."

ही युक्ती आहे एवढे मला माहीत होते. नियम माहीत नव्हता. म्हणजे मी आणि ती आजी एकाच रांगेत उभे होतो. आजींचा महाराजांवर विश्वास होता, माझा ऐकीव माहितीवर.

घरी येऊन शांतपणे करून पाहिले, तेव्हा कळले. सैल ओतलेल्या तांदळात दाण्यादाण्यांमध्ये भरपूर मोकळी जागा असते. सुरी खुपसली की दाणे बाजूला सरकतात, पोकळीत जाऊन बसतात. वीस-तीस वेळा खुपसले की तांदूळ ठासून बसतात आणि पात्याला दोन्ही बाजूंनी दाबतात. घर्षणाचा नियम सोपा आहे: दोन पृष्ठभाग एकमेकांना जितके जोराने दाबतील, तितके घर्षण जास्त. आता सुरी वर ओढली की ती शेजारचे दाणे सोबत ओढू पाहते. तांब्याचा गळा पोटापेक्षा अरुंद. दाण्यांना वर यायला वाटच नाही. ते गळ्याशी अडकतात आणि पात्याला आणखी आवळतात. जितके ओढाल तितकी पकड घट्ट. पेल्याचे तोंड मात्र वर रुंद होत जाते. तिथे दाणे खुशाल वर सरकतात आणि सुरी सुटते.

आता महाराजांचा हिशेब बघा. बाधा आहे असे दाखवायचे असेल तर मंत्र लांबवायचा, म्हणजे खुपसणे वाढते. बाधा गेली असे दाखवायचे असेल तर ताजे सैल तांदूळ घ्यायचे आणि मंत्र चारच ओळीत आटपायचा. मंत्राची लांबी म्हणजे खुपसण्याची मोजणी. निकाल आधीच ठरलेला, ३,१०० रुपयेही आधीच ठरलेले.

पुढच्या रविवारी मी माईक नेला नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, तांदूळ आणि पेन्सिली नेल्या. सातवीतल्या एका मुलीच्या हातात बाटली दिली आणि म्हटले, तुला येईल तो मंत्र म्हण. तिने सतराचा पाढा म्हणत पेन्सिल खुपसली. सतरा दाहे एकशेसत्तरला बाटली पेन्सिलीला लटकून वर आली. मग प्रत्येक पोराला करून पाहायचे होते. त्या आजींनीही करून पाहिले. त्यांनी काही मंत्र म्हटला नाही, नुसत्या हसत होत्या.

चमत्कार उघडा पाडणे पुरेसे नाही

आपल्या प्रबोधनाच्या कार्यक्रमांत काय होते? कार्यकर्ता स्टेजवर येतो, बाबासारखीच करामत करतो, लोक थक्क होतात. मग तो सांगतो की ही हातचलाखी आहे. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. दुसऱ्या महिन्यात नवीन बाबा नवीन करामत घेऊन येतो आणि तेच लोक हात जोडतात, कारण ही करामत कार्यकर्त्याने दाखवलेली नसते.

लोकांनी बाबाऐवजी आपल्याला टाळ्या दिल्या, इतकाच बदल झाला. करणारा एक आणि बघणारे शंभर, ही रचना तशीच राहिली. ज्ञान एकाकडे आणि बाकीच्यांनी ते ऐकून घ्यायचे, ही रचना या देशात कुणी बनवली आणि तिने आपले काय केले, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायला नको.

चमत्कार नेहमी कुणाचा तरी असतो. महाराजांचा, बाबांचा, माताजींचा. नियम कुणाचाच नसतो, म्हणून तो सगळ्यांचा असतो. खुद्द न्यूटनने आयुष्याची कितीतरी वर्षे हलक्या धातूचे सोने करण्याच्या किमयेच्या मागे घालवली. त्याने गतीच्या नियमांना काडीचा फरक पडला नाही. म्हणून न्यूटनच्या फोटोला हार घालायचीही गरज नाही. नियम करून बघायचा असतो.

करून बघाच. पेल्यावर पोस्टकार्ड ठेवा, त्यावर नाणे ठेवा. कार्ड हळू ओढले तर नाणे कार्डासोबत जाते. टिचकीने उडवले तर नाणे टप्पकन पेल्यात पडते. शाळेत याचे उत्तर एका शब्दात देतात: जडत्व. पोरे तो शब्द मंत्रासारखा पाठ करतात. पण खरा प्रश्न असा आहे की हळू ओढले तेव्हा जडत्व कुठे गेले होते?

कुठेही गेले नव्हते. दोन्ही वेळी कार्ड घर्षणाने नाण्याला ओढतच असते. पण घर्षणाच्या ताकदीला मर्यादा आहे. हळू ओढताना तेवढे घर्षण नाण्याला सोबत न्यायला पुरते. झटक्यात मात्र कार्ड नाण्याखालून निसटते आणि घर्षणाला वेळच मिळत नाही. समजा कार्ड ०.०३ सेकंदात निघून गेले आणि घर्षणाचा गुणांक ०.३ आहे. तर तेवढ्या वेळात नाणे सरकते जेमतेम १.३ मिलिमीटर. म्हणून ते पेल्यातच पडते. नाणे एक रुपयाचे असो की दहाचे, हिशेब तोच. वजन वाढले की घर्षण वाढते आणि नाण्याला हलवायला लागणारे बलही तितकेच वाढते.

आपल्या पोरांना यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नाक्यावरचा कॅरम बोर्ड पुरे. सोंगट्यांची चवड रचा आणि सोंगटीपेक्षा पातळ अशी स्टीलची पट्टी बोर्डाला चिकटून जोरात फिरवा. खालची सोंगटी उडते, वरची चवड जागच्या जागी खाली बसते. तीच पट्टी हळू सरकवा, सगळी चवड कोसळते. मग विचारा, असे का झाले? बोर्डावर पावडर का टाकतो? ती टाकली नाही तर काय होईल? हे प्रश्न विचारणारा पोरगा उद्या बाबासमोरही प्रश्न विचारील.

तोच खेळ, एकाला हार, दुसऱ्याला हाकलणे

छातीवर दगड ठेवून घणाने फोडण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. बघणाऱ्याला वाटते, दगड जितका मोठा तितकी सिद्धी मोठी. उलटे आहे. समजा घण तीन किलोचा आणि शिळा चाळीस किलोची. घाव बसला की शिळा जवळजवळ हलतच नाही, तिचे जडत्व तिला धरून ठेवते. हिशेब केला तर घणाच्या ऊर्जेपैकी सुमारे सात टक्केच शिळेच्या हालचालीत जाते. बाकीची दगड फोडण्यात, आवाजात, उष्णतेत खर्च होते. शिवाय शिळा छातीवर पसरलेली, त्यामुळे दाबही पसरतो. शिळा हलकी असती तर माणूस मेला असता. (हा प्रयोग कुणीही करू नये. घाव चुकला, दगड वेडावाकडा फुटला, तर नियम दया करत नाही.)

आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक माणूस मठाच्या मंडपात ही शिळा फोडून घेतो. त्याच्यामागे झेंडे, पुढे दानपेटी, बाजूला पुढारी. दुसरा माणूस आठवडी बाजाराच्या कडेला ढोलकी वाजवून तीच शिळा फोडून घेतो, शेजारी त्याची मुलगी हातात लांब बांबू घेऊन दोरावर चालते.

त्या मुलीच्या बांबूत किती विज्ञान आहे! वस्तुमान अंगापासून जितके दूर पसरलेले, तितके कलंडणे हळू होते. याला जडत्वाचे आघूर्ण म्हणतात. बांबूमुळे तोल जायला वेळ लागतो आणि त्या वेळात ती तो सावरते. त्या पोरीला हा शब्द माहीत नाही, कारण तिला शाळेत कुणी टिकू दिले नाही. पण नियम तिच्या तळव्यात आहे. आणि तिचा बाप सिद्धीचा दावा करत नाही. तो खेळ म्हणतो आणि खेळाचे पैसे मागतो. दोघांत प्रामाणिक कोण?

कायद्याने मात्र कुणाला धरले? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अशा भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवत नेले. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, पण पोलिसांच्या नजरेतून पुसला गेला नाही. पुढे १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात सार्वजनिक जागी गाणे, नाच, खेळ अशा निमित्ताने पैसे मागणे हीसुद्धा भीक ठरली. रस्त्यावरच्या दोराखाली पडलेला रुपया भीक, मंडपातल्या ताटात पडलेले पाचशे दक्षिणा! शिळा तीच, घण तोच, जडत्व तेच. फरक फक्त कोण कुठे जन्मला याचा.

नियम जात विचारत नाही. समाज विचारतो.

'नैसर्गिक जागा' नावाचे जुने खोटे

जडत्वाचा नियम सापडायला माणसाला इतका वेळ का लागला, हे समजून घ्या. ॲरिस्टॉटल सांगत असे की प्रत्येक पदार्थाला आपली नैसर्गिक जागा असते. मातीची जागा खाली, अग्नीची वर. दगड खाली पडतो तो त्याच्या स्वभावाने. याच ॲरिस्टॉटलने असेही लिहिले की काही माणसे स्वभावानेच गुलाम असतात. ऐकल्यासारखे वाटते ना? गुणांप्रमाणे जागा आणि जागेप्रमाणे कर्म. पायापासून जन्मलेल्याने पायाशीच राहायचे. नावे वेगळी, पण प्रत्येकाची जागा स्वभावाने ठरलेली आहे हा दावा एकच.

गॅलिलिओने एका उतारावरून गोळा सोडला आणि समोरच्या चढावर चढू दिला. गोळा जवळजवळ मूळ उंचीइतका चढला. समोरचा चढ जितका सपाट केला, तितका गोळा लांब गेला. मग त्याने विचार केला, चढच काढून टाकला तर? गोळा थांबण्याचे काही कारणच उरत नाही. आपल्याला तो थांबताना दिसतो, कारण घर्षण त्याला थांबवते. थांबणे हा गोळ्याचा स्वभाव नव्हे. पृथ्वी फिरते असे म्हटल्याबद्दल १६३३ मध्ये याच गॅलिलिओला धर्मन्यायालयाने शिक्षा केली, आणि नजरकैदेत असतानाच त्याचे गतीवरचे पुस्तक १६३८ मध्ये छापले गेले. १६८७ मध्ये न्यूटनने नियम पक्का मांडला: बाहेरून असंतुलित बल लागले नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चाललेली चालतच राहते.

समाज म्हणजे कॅरमच्या सोंगट्या नव्हेत, हे मला कळते. माणसाला गणितात बसवता येत नाही. पण विचार करण्याची पद्धत उचलता येते. एखादी वस्तू जागची हलत नसेल तर तिचा स्वभावच तसा, असे म्हणायचे नाही. तिला कशाने धरून ठेवले आहे, ते शोधायचे. "त्यांची पोरं पुढे जातच नाहीत हो" म्हणणाऱ्याला हाच प्रश्न विचारा: धरून कोणी ठेवले आहे? आणि "वेळ द्या, जात आपोआप जाईल" म्हणणाऱ्याला हेही सांगा की आपोआप काही हलत नाही. बाहेरून बल लावावे लागते. घर्षण जास्त असेल तर बलही जास्त लावावे लागते.

आता काही आक्षेप

"नोकऱ्या, शिष्यवृत्ती, आरक्षण असे पोटाचे प्रश्न असताना तुम्ही तांदूळ काय मोजत बसलात?" मित्रा, ते ३,१०० रुपये मावशींच्या पोराच्या क्लासच्या फीसाठी जमवलेले होते. पोटाचा प्रश्नच आहे हा.

"लोकांच्या श्रद्धा दुखावतात." मी कुणाच्या देवाला हात लावला नाही. मी फक्त सुरीला हात लावला.

"हे सगळे आपल्या प्राचीन ग्रंथांत होतेच. कणादाने गतीचे नियम सांगितले होते." वैशेषिक सूत्रांत वेग आणि गुरुत्व यांचा विचार आहे, जरूर वाचा. पण विचार मांडणे वेगळे आणि मोजून, पडताळून नियम काढणे वेगळे. आणि ते ग्रंथ वाचायची परवानगी कुणाला होती, हेही त्याच दमात सांगा.

"कायदा आहे ना?" आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यावर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे त्यात गुन्हा आहे. पण कायदा हलायला तक्रार लागते, आणि जोडलेले हात तक्रार लिहीत नाहीत. आधी हात सुटले पाहिजेत.

बुद्धाने काय केले

विनयपिटकात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच टांगले आणि जाहीर केले की ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते उतरवून न्यावे. पिंडोल भारद्वाज या भिक्खूने ते सिद्धीने उतरवले असे कथा सांगते. लोक त्याच्यामागे जयघोष करत निघाले. बुद्धाने त्याला शाबासकी दिली नाही, खडसावले. पात्राचे तुकडे करायला लावले आणि गृहस्थांसमोर चमत्कार दाखवायला भिक्खूंना बंदी केली. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तातही हीच भूमिका आहे: सिद्धीच्या चमत्काराचा मला तिटकारा आहे, शिकवण हाच खरा चमत्कार. कथेतला चमत्कार खरा धरला तरी बुद्धाला तो नको आहे! कारण जयघोष करणारा माणूस विचार करत नाही.

म्हणून आपल्या कार्यक्रमांत बदल करू या. स्टेज नको, माईक नको. वस्तू घरातल्याच घ्या: बाटली, तांदूळ, पेन्सिल, नाणे, पोस्टकार्ड, कॅरम. करण्याआधी प्रत्येकाला विचारा की काय होईल. मग प्रत्येकाच्या हाताने होऊ द्या, मुलींच्या हाताने आधी. एका वेळी एकच गोष्ट बदला: तोंड रुंद करा, तांदूळ सैल ठेवा, कार्ड हळू ओढा. फसले तर लपवू नका, का फसले ते सगळ्यांनी मिळून शोधा. शेवटी मोठ्यांना समजावून सांगायचे काम पोरांवर सोपवा. संविधानाच्या ५१क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे आपले कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते असे एकेका बाटलीने पार पडते.

मावशींचा मुलगा आता रविवारी येतो. परवा एका पोराने त्याला विचारले, कार्डाखाली पावडर लावली तर नाणे किती सरकेल? तो कागद-पेन घेऊन बसला. पुस्तकातले आणि घरातले वेगळे असते, असे त्या दिवशी तो म्हणाला नाही.

जयभीम. जय संविधान.